घारापुरी आधी गाव आहे, मग लेणी

2018 च्या फेब्रुवारीत मुंबईसमोरच्या घारापुरी बेटावर, म्हणजे लोक ज्याला एलिफंटा म्हणतात तिथे, वीज आली तेव्हा ऑफिसमधल्या एका मित्रानं बातमी वाचून मला विचारलं होतं, अरे हजार-बाराशे लोकांसाठी 25 कोटी? माणूस वाईट नाही तो, त्याच्या डोक्यात सरळ भागाकार आला, माणशी दोन लाखांच्या वर गेले, आणि एवढ्या पैशात मुंबईतल्या एखाद्या वस्तीत किती नळ आले असते असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, नुसताच चिडलो. माझी मोठी आत्या तिथल्याच राजबंदर वाडीत दिलेली, त्यामुळे ते हजार-बाराशे म्हणजे माझ्यासाठी आकडा नव्हता, पण चिडणं म्हणजे उत्तर नाही हेही खरं. तो प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे आणि आज जे उत्तर सुचतंय ते लिहून काढतोय.

आधी बेट कसं आहे ते सांगतो, कारण बहुतेकांनी बघितलेलं असतं ते जेट्टी, टॉय ट्रेन, एकशेवीसेक पायऱ्या, लेणी आणि परत. गेटवेवरून लाँचनं तासभर. मध्ये दोन डोंगर, एकात ती जगप्रसिद्ध शैव लेणी, दुसऱ्यावर जुना विटांचा स्तूप. आणि कडेकडेनं तीन वाड्या, शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही मिळून एक ग्रामपंचायत, तालुका उरण, जिल्हा रायगड. समोर मुंबई दिसते पण कागदावर मुंबईशी काही संबंध नाही, दाखला पाहिजे, तहसील पाहिजे, कोर्टकचेरी पाहिजे तर उरणला जायचं, म्हणजे पुन्हा पाणी ओलांडायचं. लोक आगरी आणि कोळी. थोडी भातशेती, थोडी मासेमारी, आंबा-चिंच, आणि आता मुख्य म्हणजे पर्यटकांवर चालणारे स्टॉल, हॉटेलं, गाईडचं काम.

शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सुटते. पर्यटकाला बेटावर मुक्काम करता येत नाही, त्यामुळे त्यानंतर काय होतं ते कोणी बघितलेलंच नसतं. लहानपणी सुट्टीत आत्याकडे राहायचो तेव्हा मला ती वेळ फार आवडायची, दिवसभराचा गलका एकदम थांबायचा, पायऱ्यांवरचे स्टॉलवाले ताडपत्र्या ओढून घ्यायचे, आणि बेट त्याच्या माणसांचं व्हायचं. पण त्याच वेळी एक घाईसुद्धा सुरू व्हायची. जनरेटर सुरू व्हायचा तो संध्याकाळी जेमतेम तीनेक तास. आत्या ओरडायची, "लाईट हाय तवर जेवून घ्या रे पोरांनो." त्या तीन तासांत मोबाईल चार्ज करायचे, पोरांनी अभ्यास करायचा, टीव्ही बघायचा, जेवायचं. मग अंधार. एवढ्या तेवढ्या डिझेलवर गाव चालायचं आणि जनरेटर बिघडला की तेही नाही.

आणि तो अंधार कुठे होता बघा. बेटाच्या पश्चिमेला, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावं असं जवाहर द्वीप, तिथे पन्नासच्या दशकापासून तेलाची टर्मिनल, रात्रभर लखलखाट. उत्तरेला तुर्भे, जिथे देशाचं अणुसंशोधन केंद्र आहे. पूर्वेला न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, त्याच्या क्रेनवरचे दिवे मोराबंदरच्या ओटीवर बसून मोजता यायचे. पश्चिमेला कुलाब्यापासून वरपर्यंत सगळी मुंबई. चारी बाजूंनी उजेड आणि मध्ये घारापुरी कंदिलावर. म्हणजे वीज तिथवर नेणं जमत नव्हतं असं नाहीये, तेलाला वीज लागते, कंटेनरला लागते, तिथे ती पोचली. न्हाव्याच्या बाजूनं समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकायला शेवटी सव्वा वर्ष लागलं फक्त. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं थांबून सव्वा वर्षात झालेलं काम. तेव्हा "एवढा खर्च कशाला" हा प्रश्न मला उलटा दिसतो, सत्तर वर्षं हा खर्च केला नाही त्याचा हिशोब कोणी मांडला का? किती पोरांनी दहावीचा अभ्यास कंदिलावर केला, किती मासळी बर्फाशिवाय कवडीमोलानं विकावी लागली, फ्रीज नाही म्हणून किती माल स्टॉलवाल्यांनी रोज बर्फ आणून आणून टिकवला, हे कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.

इथे एक परदेशातलं उदाहरण देतो, कारण अशी छोटी बेटं जगभर आहेत आणि सगळीकडे हाच वाद चालतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं बेट आहे. तिथे विजेची ग्रिड सुरू झाली 1 फेब्रुवारी 2008 ला, तेव्हा बेटावर शंभर माणसंसुद्धा नव्हती. मुख्य भूमीवरून केबल परवडत नव्हती तर त्यांनी ओढ्यावरचं पाणी, पवनचक्क्या आणि सोलर असं तिन्ही जोडून स्वतःची ग्रिड उभी केली, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की एका घरानं एका वेळी 5 किलोवॅटपेक्षा जास्त ओढायचं नाही. म्हणजे शंभराच्या आतल्या वस्तीला चोवीस तास वीज, आपल्या घारापुरीच्या बरोबर दहा वर्षं आधी, आणि घारापुरी देशाच्या आर्थिक राजधानीच्या दारात. संख्या हे कारण असतं तर एग अंधारात राहायला हवं होतं.

पण एगची खरी गोष्ट विजेची नाही. हे बेट पिढ्यान् पिढ्या एकेका मालकाचं होतं, मालक बदलायचा, बेट विकलं जायचं, राहणाऱ्यांना कोणी विचारायचं नाही, घराची दुरुस्ती करायची तरी भाडेपट्ट्याची खात्री नाही. शेवटी लोकांनीच देणग्या गोळा करून 12 जून 1997 ला पंधरा लाख पाउंडांना बेट विकत घेतलं. ट्रस्ट केला, त्यात रहिवाशांची संघटना, तिथली कौन्सिल आणि वन्यजीवांसाठी काम करणारी संस्था, तिघंही एका टेबलावर. तेव्हा साठ-पासष्ट लोक उरले होते, आज शंभराच्या पुढे आहेत. पोरं बाहेर शिकून परत आली, घरं बांधली. वीज त्यानंतर अकरा वर्षांनी आली, आधी हक्क आला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे वीज आली पण हक्काचं काय ते अजून तसंच लोंबकळतंय.

आता त्या हेड-काउंटवाल्या मुद्द्याकडे येतो, कारण तो फक्त माझ्या मित्राचा नाही, तो सरकारी फायलीतला मुद्दा आहे. लोकसंख्या कमी, म्हणून निकषात बसत नाही, म्हणून दवाखाना नाही, कॉलेज नाही, रात्रीची बोट नाही. मग काय होतं, दहावीनंतर पोराला शिकवायचं तर उरणला किंवा मुंबईला नातेवाइकांकडे ठेवायचं, पोर तिकडे राहिलं की दोन वर्षांनी आईपण तिकडे खोली घेते, मग बाप एकटा बेटावर स्टॉल सांभाळतो, मग एक दिवस तोही जातो. आता पुढच्या वेळी फाईल उघडली की लोकसंख्या आणखी कमी झालेली असते. म्हणजे सोय दिली नाही म्हणून माणूस गेला आणि माणूस गेला म्हणून सोय देत नाही. माझ्या आत्याच्या घरातच हे झालंय, तिच्या दोन मुलांपैकी एक कायमचा नवी मुंबईतल्या उलव्याला गेला, त्याला बेट नको होतं असं नाही, त्याची मुलगी दम्याची आहे आणि रात्री अडीच वाजता अटॅक आला तर काय करायचं या एका प्रश्नाचं उत्तर बेटावर नव्हतं.

या फेऱ्याचा शेवट कुठे होतो ते बघायचं असेल तर परत स्कॉटलंडलाच जावं लागतं. सेंट किल्डा म्हणून बेटांचा समूह आहे, भर अटलांटिकमध्ये. एकेकाळी तिथे दीड-दोनशे माणसं राहायची, समुद्रपक्षी आणि मेंढ्यांवर जगायची. तरुण जात राहिले. पहिल्या महायुद्धात नौदलाची चौकी होती तेव्हा टपाल-रसद नियमित यायची, युद्ध संपलं, चौकी उठली आणि बेट पुन्हा तुटलं. 1930 च्या सुरुवातीला एक तरुण बाई आजारी पडली, तिला मुख्य भूमीवर न्यायलाच उशीर झाला, त्याच वर्षी ग्लासगोच्या हॉस्पिटलात ती वारली. त्याच वर्षी मे महिन्यात उरलेल्यांनीच सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून हलवा, काही कर्ते पुरुष निघायचं म्हणतायत आणि ते गेले तर बाकीच्यांना इथे जगणं शक्य नाही. 29 ऑगस्ट 1930 ला शेवटची 36 माणसं बोटीत बसली. घराघरात उघडं बायबल आणि ओट्सची छोटी रास ठेवून दारं लावली असं सांगतात. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. त्यांनी स्वतः अर्ज केला होता, आणि कागदावर ते "स्वेच्छेनं" गेले. मला हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण उलव्याला गेलेला माझा आतेभाऊसुद्धा स्वेच्छेनंच गेलाय.

आणि पुढचं ऐका. 1986 ला सेंट किल्डा जागतिक वारसा म्हणून जाहीर झालं. लोक बोटीनं जातात, ओळीनं उभ्या असलेल्या रिकाम्या दगडी घरांचे फोटो काढतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1987 ला, आपली घारापुरीची लेणी जागतिक वारसा झाली. एका ठिकाणी वारशाचा शिक्का बसला तेव्हा माणसं निघून गेल्याला छप्पन्न वर्षं झाली होती. दुसऱ्या ठिकाणी माणसं अजून आहेत. हा फरक आपण जपणार आहोत की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे खरं तर.

लेण्यांबद्दल माझ्या मनात जराही कमी आदर नाही हे स्पष्ट सांगतो. सदाशिवाच्या त्या वीसएक फुटी मूर्तीसमोर मी शंभरदा उभा राहिलो असेन आणि दरवेळी बोलणं बंद होतं. सहाव्या शतकाच्या आसपास कोणीतरी डोंगराच्या पोटात हे कोरलं आणि ते टिकलं पाहिजे, त्यासाठी नियम पाहिजेत, कडक पाहिजेत. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या मूर्तींचे काय हाल झाले ते तुटलेल्या हातापायांवरून दिसतं. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती इंग्रजांनी 1864 ला इंग्लंडला न्यायला काढला, उचलताना तुटला, आणि आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाहेर उभा आहे. तेव्हा संरक्षण नको असं कुठलाही घारापुरीकर म्हणणार नाही.

पण संरक्षणाचा अर्थ इथे काय झालाय ते बघा. 1985 च्या अधिसूचनेनं किनाऱ्यापासून एक किलोमीटर समुद्रापर्यंत प्रतिबंधित क्षेत्र झालं, म्हणजे अख्खं बेट त्यात आलं. मग केंद्राचा कायदा, 2010 ची दुरुस्ती, संरक्षित वास्तूपासून 100 मीटर बांधकामच नाही आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीशिवाय काही नाही. वर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. मुंबईत एखाद्या किल्ल्याजवळ हा नियम लागला तर माणूस दुसऱ्या वॉर्डात घर घेतो. बेटावर माणूस कुठे जाणार? तिथे दुसरा वॉर्ड नाही, दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. भाऊ-भाऊ वेगळे झाले, पोराचं लग्न झालं, एक खोली वाढवायची तर कोणाकडे जायचं हेच माणसाला कळत नाही, पुरातत्त्व खात्याकडे, तहसीलदाराकडे, किनारपट्टीवाल्यांकडे, की पंचायतीकडे, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. रायगडात गावठाण विस्ताराचा प्रश्न सगळ्याच आगरी-कोळी गावांत आहे, पण उरणच्या गावाला निदान रस्त्याच्या पलीकडे सरकता येतं.

याच्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मला पटतो. बांधकाम मोकळं सोडलं तर पाच वर्षांत तिथे रिसॉर्ट उभे राहतील, स्थानिकांच्या नावावर बाहेरचा पैसा येईल, अलिबागच्या बाजूला झालं ते इथे होईल. होईल, शंभर टक्के होईल. म्हणून मी मोकळं सोडा म्हणत नाहीये. राहतं घर वाढवणं आणि धंद्यासाठी बांधणं यात कायद्यानं फरक करा, तीन वाड्यांची हद्द एकदा मोजून गावठाण म्हणून पक्की करा, त्या हद्दीत राहत्या कुटुंबाला उंची-क्षेत्रफळाची मर्यादा घालून एकाच खिडकीत परवानगी द्या, आणि विकायची असेल तर बाहेरच्याला विकता येणार नाही अशी अट ग्रामसभेनं स्वतः घालू दे. एगवाल्यांनी 5 किलोवॅटची मर्यादा स्वतःच स्वतःवर घातली होती ना. माणसं मर्यादा पाळतात, ती ठरवताना ती हजर असली पाहिजेत एवढंच.

हजर असणं म्हणजे काय तेही सांगतो. 73 व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, 1993 पासून ती लागू आहे. पण घारापुरीबद्दलचा कुठलाही मोठा निर्णय ग्रामसभेत सुरू होताना दिसत नाही. काही वर्षांपूर्वी मुंबई पोर्ट ट्रस्टनं शिवडीहून घारापुरीला आठ किलोमीटरचा रोपवे जाहीर केला, गावाला ते पेपरात वाचून कळलं असं आत्या सांगते. रोपवे चांगला का वाईट हा वेगळा विषय. माझा प्रश्न एवढाच की तो रात्री चालणार होता का? त्यात पेशंटचं स्ट्रेचर बसणार होतं का? भाताची पोती, सिमेंटची गोणी, मासळीची टोपली चालणार होती का? हे प्रश्न विचारायला गावातला माणूस त्या मीटिंगमध्ये लागतो, बाकी कोणाला ते सुचणारच नाहीत. तसंच अटल सेतूचं. 12 जानेवारी 2024 ला साडेएकवीस किलोमीटरच्या वर लांबीचा पूल सुरू झाला, तो बेटाच्या उत्तरेकडून जातो, शेतबंदरहून दिसतो. देशाला पाहिजे होता, झाला, चांगलं झालं. पण ज्या पाण्यात जाळी पडायची त्याच पाण्यात आधी बंदराचं ड्रेजिंग, मग जहाजांचे मार्ग, मग पुलाचे खांब, असं एकेक येत गेलं. 2010 च्या ऑगस्टमध्ये दोन जहाजांची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं ते उरण-घारापुरीच्या किनाऱ्यापर्यंत आलं, मासेमारी बंद, आणि मुंबईत लोकांनी मासे खाणंच थांबवलं काही दिवस. प्रत्येक वेळी मासेमारी थोडी थोडी मागे गेली आणि घरं थोडी थोडी पायऱ्यांवरच्या स्टॉलकडे सरकली.

त्यामुळे आज अख्खं गाव एका धंद्यावर उभं आहे आणि त्या धंद्याची किल्ली गावाकडे नाही. सोमवारी लेणी बंद, गावाची कमाई बंद. पावसाळ्यात वारा वाढला, धोक्याचा बावटा लागला, लाँच बंद. 2020 च्या मार्चमध्ये लेणी बंद झाली तेव्हा तर कित्येक महिने जेट्टीवर परकं पाऊल नाही. वर्षाला लाखो माणसं येतात, लेण्यांचं तिकीट भारतीयाला 40 आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये, तो पैसा केंद्राकडे जातो. पंचायतीच्या हातात येतो तो जेट्टीवर घेतला जाणारा छोटासा पर्यटक कर. आणि कचरा? लाखो माणसांच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं उचलायची जबाबदारी हजार माणसांच्या पंचायतीवर. हे गणित माझ्या मित्रानं मांडावं असं मला फार वाटतं, माणशी दोन लाख काढले ना, आता एकेका घारापुरीकराच्या वाट्याला किती पर्यटकांचा कचरा येतो तोही भागाकार करून बघ. तिकिटातला ठरावीक हिस्सा कायद्यानंच पंचायतीला मिळाला पाहिजे, अनुदान म्हणून नाही, वाटा म्हणून.

आणि पाणी. केबलनं वीज आली, मोटरी लागल्या, पण पाणी शेवटी पावसाचंच, जे डोंगरावरून येतं आणि अडवलं जातं तेवढंच. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. वर पर्यटकांसाठी हॉटेलात बाटलीबंद पाणी आणि खाली वाडीत बाया हंडे घेऊन, हे मी स्वतः पाहिलंय आणि ते बघून मान खाली जाते.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात वरचा विषय बोटीचा आहे. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 माणसं गेली. शंभराच्या आसपास माणसं आजूबाजूच्या बोटींनी वाचवली. त्यानंतर लाईफ जॅकेटची तपासणी सुरू झाली, पर्यटकांच्या सुरक्षेवर खूप बोललं गेलं आणि ते बरोबरच आहे. पण पर्यटक आयुष्यात एकदा-दोनदा त्या पाण्यावरून जातो. गावातली मुलगी कॉलेजसाठी रोज जाते. गरोदर बाई तपासणीला जाते. म्हातारा पेन्शन आणायला जातो. त्यांच्यासाठी तो समुद्र म्हणजे रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर सरकारनं नेमानं चालवलेली, रात्री-अपरात्री भरवशाची अशी गाडी नाही. शेवटची लाँच गेली की कोणाच्या तरी स्वतःच्या होडीवर भिस्त. ज्याची होडी तो झोपेतून उठून येतो, दरवेळी येतो, पैसे घेत नाही. भरती असेल तर ठीक, ओहोटी असेल तर चिखलातून पेशंटला उचलून न्यायचं. आत्याच्या सासऱ्यांना असंच नेलं होतं, खुर्चीला दोऱ्या बांधून, चार जणांनी. पोचेपर्यंत ते होते, त्यानंतर अर्ध्या तासात गेले.

आपल्या राज्यात एक जुनं वाक्य आहे, प्रत्येक एसटी स्टँडवर लिहिलेलं असायचं, "गाव तिथे एसटी". 1948 ला पहिली गाडी पुणे-नगर धावली तिथपासून हळूहळू लाल गाडी घाटातल्या, जंगलातल्या वाड्यांपर्यंत पोचली. मुक्कामाची गाडी असायची, रात्री येऊन गावातच थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीत झोपायचे आणि पहाटे पोरांना आणि बाजाराला जाणाऱ्यांना घेऊन निघायची. त्या गाडीत कित्येकदा आठ-दहा माणसं असायची. त्या वाडीची लोकसंख्या किती असा हिशोब आपण तेव्हा केला नाही, कारण गाव आहे म्हणजे गाडी पाहिजे असं या राज्यानं एकदा ठरवलं होतं. घारापुरीपण गावच आहे. तिच्या वाटेवर डांबर नाही, पाणी आहे, एवढ्यानं ती यादीतून बाहेर कशी पडते?

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुक्कामाची बोट. सरकारी, रोज संध्याकाळी उरणच्या मोरा बंदरातून (बेटावरचं मोराबंदर वेगळं) येऊन रात्रभर बेटावर थांबणारी, पहाटे पोरांना घेऊन निघणारी, आणि मध्यरात्री कोणाला घाम फुटला, कोणाला कळा सुरू झाल्या तर त्याच क्षणी सुटू शकणारी. तिच्यात एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजन सिलिंडर, वाडीतल्याच दोन पोरांना ट्रेनिंग. ओहोटीलाही बोट लागेल एवढी खोल पाण्यापर्यंत गेलेली जेट्टी पर्यटकांच्या बाजूला आहे, तशी राजबंदरच्या बाजूलासुद्धा. तोटा होईल? होणारच. मुक्कामाची एसटीपण तोट्यातच होती.

माझ्या मित्राला हे सगळं मागच्या महिन्यात पुन्हा सांगितलं, सहा-सात वर्षांनी. तो म्हणाला बाकी ठीक, पण ती माणसं मुंबईतच का येत नाहीत राहायला, त्यांचंपण भलं होईल. त्याला मी या रविवारी बेटावर नेतोय. लेणी नाही बघायची, ती त्यानं पाहिलीत. आत्याकडे जेवायचं, मग तिच्या धाकट्यासोबत होडीत बसायचं. तो अजून जाळं टाकतो, बेटाभोवतीचा खडक कुठे कितव्या भरतीला बुडतो ते त्याला पाठ आहे, त्याच्या बापानं शिकवलं आणि आता तो त्याच्या आठ वर्षांच्या पोराला शिकवतोय. पोरगा हुशार आहे, दहावीला अजून सात-आठ वर्षं आहेत. तेवढ्यात बोट सुरू झाली पाहिजे.